रमणे आणि करमणे

भावकर्तृक क्रियापदे शिकवताना मी 'करमणे' हे उदाहरण आवर्जून घेते. 'मला मळमळते', 'उजाडले', 'सांजावले' ही पाठ्यपुस्तकांतली ठरलेली उदाहरणे मुलांना पाठ असतात. पाठ असतात म्हणूनच त्यांच्यावर विचार होत नाही. 'मला करमत नाही' असे फळ्यावर लिहिले की वर्ग थोडा हलतो. या वाक्यात कर्ता कोण? 'मी' तर नव्हे, कारण 'मी' इथे 'मला' होऊन चतुर्थीत जाऊन बसला आहे. करमण्याची क्रिया कुणी करत नाही. ती होते किंवा होत नाही, आणि आपण फक्त तिचे धनी असतो. शिवाय हे क्रियापद होकारार्थी क्वचितच भेटते. 'आज मला फार करमले' असे कुणी म्हणत नाही. करमणे ही गोष्ट तिच्या अभावातूनच कळते.

गेली दोन वर्षे मात्र या क्रियापदाचा विचार मी वर्गात कमी आणि घरातल्या फ्रीजरपुढे उभी राहून अधिक केला आहे. आमच्या फ्रीजरमध्ये सोललेली कोलंबी, मटारचे पाकीट आणि बर्फाचा साचा यांच्या शेजारी एका स्टीलच्या पेल्यात लाल रबराची एक पोकळ वस्तू उलटी उभी असते. एकावर एक रचलेल्या तीन गोळ्यांसारखा तिचा आकार, खाली रुंद आणि वर निमुळता. ती आमच्या मोतीची. रात्री जेवणे आटोपली की मी ती भरते, पेल्यात ठेवते आणि गोठवते. सकाळी बाहेर पडताना त्याच्यापुढे टाकते. कुत्र्यांसाठी भरून गोठवायच्या खेळण्यांची ही जात आता आपल्याकडच्या दुकानांतही मिळते, आणि तिच्या स्वस्त नकलाही मिळतात.

या वस्तूची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात जो मार्कहॅम नावाच्या गृहस्थांकडे फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड होता. तो पोलीस दलातून निवृत्त झालेला कुत्रा. आयुष्यभर काम केलेल्या त्या जीवाला घरी काम उरले नाही, तेव्हा तो दगड चावू लागला आणि त्याचे दात झिजू लागले. मार्कहॅम एकदा आपली फोक्सवॅगन गाडी दुरुस्त करत असताना त्यांनी बाजूला टाकलेला सस्पेन्शनचा एक रबरी भाग फ्रिट्झने उचलला आणि तो त्यातच गुंतला. त्या भागावरून पुढे हे खेळणे घडले. १९७६ साली त्याची कंपनी निघाली. किंग काँग या चित्रपटातल्या महावानराच्या कानातला बोळा शोभेल असे हे दिसते, अशी कुणा मित्राने थट्टा केली आणि त्या थट्टेतूनच 'काँग' हे नाव आले. मला या कथेत महत्त्वाचा वाटतो तो फ्रिट्झ. आज लाखो घरांत जाऊन बसलेली ही वस्तू एका सेवानिवृत्ताच्या रिकामपणातून जन्माला आली आहे.

खेळणे भरण्याचेही एक शास्त्र आहे, आणि शिक्षकाला ते चटकन कळावे असे आहे. पहिल्याच दिवशी गच्च भरलेले, दगडासारखे गोठलेले खेळणे पुढे टाकले तर कुत्रा दोन वेळा हुंगतो, एकदा पंजा मारतो आणि निघून जातो. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यापुढे एकदम 'ज्ञानेश्वरी'चा अनुभवामृताशी तौलनिक अभ्यास ठेवण्यासारखे ते आहे. आधी सुटे कोरडे दाणे, नुसते हलवले तरी बाहेर पडणारे. मग ओले, थोडे चिकटलेले. मग फ्रीजमध्ये गार केलेले. आणि जमू लागले की मगच गोठवलेले. मोतीला या चार इयत्ता ओलांडायला तीन आठवडे लागले.

भरण्याची माझी रीत अशी. वरचे लहान भोक मीठ-साखर न घातलेल्या दाण्याच्या कुटाचा ओलसर गोळा करून लिंपायचे, म्हणजे पातळ पदार्थ गळत नाही. ते भोक कायमचे बंद करायचे नसते; एकाच तोंडाच्या पोकळ खेळण्यात चाटताना आतली हवा ओढली जाऊन जीभ अडकण्याची भीती असते. मग खेळणे उलटे पेल्यात उभे करून तळाशी सगळ्यात आवडता घास, म्हणजे काटे-हाडे काढलेल्या उकडलेल्या कोंबडीचा तुकडा किंवा अंडे. त्यावर मऊ भात आणि उकडलेला लाल भोपळा कालवून, नाहीतर रताळे. मधल्या फटींत बिनसाखरेचे दही. हंगामात घोलवडच्या चिकूची एखादी फोड, पण बी पूर्णपणे काढून. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मोतीने आपली पसंती त्याच्याही आधी नोंदवली होती. सातपाटीच्या बाजूने वाऱ्यावर सुक्या मासळीचा वास आला की तो नाक वर करतो, पण खारवलेली मासळी मी त्याला देत नाही.

याहून मोठी यादी न घालण्याच्या गोष्टींची आहे. द्राक्षे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. कांदा-लसूण रक्तातील तांबड्या पेशी नासवतात, म्हणजे आपल्या घरातली उरलेली कुठलीही आमटी-भाजी बाद. चॉकलेट नको. 'साखरमुक्त' म्हणून विकल्या जाणाऱ्या शेंगदाणा-लोण्यात झायलिटॉल असेल तर ते कुत्र्यासाठी विषच. शिजवलेली हाडे फुटून टोकदार होतात. शिवाय जे भराल ते त्याच्या दिवसाच्या आहारातून वजा करायचे, नाहीतर कुत्रा रमतो आणि सुटतोही. खेळणे त्याच्या जबड्याला साजेसे मोठे हवे, रबराला चीर गेली की टाकून द्यावे, आणि रोज गरम पाण्याने बाटलीच्या ब्रशने धुवावे. आमच्या दमट किनारपट्टीत एक वेळ धुवायचे राहिले तर संध्याकाळी आतून मुंग्यांची रांग निघते.

हे सगळे कशासाठी, तर मोती दिवसभर एकटा असतो म्हणून. आमचे घर बोईसरला, माझे महाविद्यालय पालघरला. मध्ये उमरोळी हे एकच स्थानक, पण गाडी, तासिका, परीक्षा आणि त्या त्या दिवसांचे अहवाल मिळून माझा दिवस मोठा होतो. यजमान तारापूर औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला. मोतीला घरी आणले ते लेकीने, ती आठवीत असताना. खोक्यातून आणलेले गावठी पिल्लू. दोन वर्षांपूर्वी ती पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला गेली. तोवर ती चार वाजता शिकवणीहून परत येई आणि मोतीचा दिवस तिथून सुरू होई. आता यजमानांची पहिली पाळी आणि माझा पूर्ण दिवस एकत्र आला की दुसऱ्या मजल्यावरच्या बंद घरात तो आठ-नऊ तास असतो. फ्रिट्झप्रमाणे त्याने दगड चावले नाहीत. त्याने उंबरठ्याची लाकडी पट्टी कुरतडली.

खाली रस्त्यावरची त्याची भावंडे बघितली की फरक कळतो. बोईसर स्थानकाबाहेरच्या कुत्र्यांना कष्ट आहेत, उपास आहेत, खरूज आहे, गाड्यांखाली येणारे मरण आहे. पण त्यांचा दिवस रिकामा नसतो. वडापावच्या गाडीपासून मासळीच्या टोपल्यांपर्यंत त्यांचा नित्याचा फेरा असतो, हद्दी सांभाळायच्या असतात, भांडायचे असते, ओळखीच्या माणसाची चाहूल घ्यायची असते. मोतीला मी दोन वेळचे अन्न, लसी आणि पंखा दिला, आणि त्याबरोबर त्याच्या दिवसातली सगळी कामे काढून घेतली. दहा मिनिटांत संपणारे ताटलीतले जेवण पाऊण तासाचे करणारे हे खेळणे त्या कामांचा एक लहानसा हप्ता परत करते.

येथे 'आयते' या आपल्या शब्दाची आठवण होते. आयत्या बिळावर नागोबा, आयतोबा, आयते खाणे: मराठीत आयत्याविषयी एकही चांगले वाक्य नाही. माणसाला, आणि कदाचित प्राण्यालाही, मिळवून खाण्यात सुख असते ही समजूत या शब्दाच्या मुळाशी आहे. मानसशास्त्रातही तिला आधार सापडतो. १९६३ साली ग्लेन जेन्सन यांनी उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. भांडेभर खाद्य समोर आयते असतानाही बहुतेक उंदीर कळ दाबून मिळणारे खाद्य घेत राहिले. पुढे इतर अनेक प्राण्यांत ही वृत्ती आढळली आणि तिला 'कॉन्ट्राफ्रीलोडिंग' असे अवजड नाव मिळाले. खेळणी विकणारे या प्रयोगाचा दाखला देत असतात: बघा, तुमच्या कुत्र्याला कष्टाची भाकरीच हवी आहे.

प्रकरण इतके सरळ नाही. पाळीव मांजरांवर २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बहुतेक मांजरांनी शांतपणे आयतेच पसंत केले. मांजर पाळणाऱ्या कुणालाही याचे आश्चर्य वाटू नये. पाळीव कुत्र्यांवरचा असाच अभ्यास २०२४ साली आला. त्याचा निष्कर्ष मला फार प्रामाणिक वाटला. कुत्र्यांनी कष्टाच्या अन्नाला आयत्यापेक्षा अधिक पसंती दिली नाही. मात्र कष्ट करायला त्यांची तयारी होती. म्हणजे मोतीला ताटली आणि खेळणे असे दोन्ही दिले तर तो श्रमप्रतिष्ठेचा पुरस्कार करत खेळण्याकडे जाईलच असे नाही. काम मिळाले तर तो करील, इतकेच. आपण आपली नीतिकथा त्याच्या गळ्यात बांधू नये.

आपल्या परंपरेने कुत्र्याच्या घासाचा विचार पुष्कळ केला आहे. काकबळीप्रमाणे श्वानबळी आहे; पितृपक्षात पानाबाहेर त्याचाही वाटा निघतो. कुत्र्याने कोरडी भाकरी पळवली तेव्हा तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेव आपल्या सर्वांच्या मनात लहानपणापासून आहेत. रात्री दाण्याच्या कुटाने भोक लिंपताना मला कधीकधी त्या तुपाच्या वाटीची आठवण होते. फरक इतकाच की नामदेव कुत्र्यामागे धावले आणि मी कुत्र्याला मागे ठेवून गाडीमागे धावते.

पण मला अधिक विचार करायला लावला तो महाभारताने. या ग्रंथाच्या दोन टोकांना दोन कुत्री आहेत. आदिपर्वाच्या आरंभी जनमेजयाचे सत्र चालू असताना सरमेचे पिल्लू तिथे येते आणि जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जाते. काय अपराध केलास, असे ती विचारते, तेव्हा ते सांगते की मी हवीकडे पाहिले नाही आणि ते चाटलेही नाही. सरमा यज्ञमंडपात येऊन जनमेजयाला जाब विचारते आणि अदृष्ट भयाचा शाप देते. ही सगळी कथा चाटण्याच्या संशयावर उभी आहे. शेवटाकडे महाप्रस्थानिक पर्वात हिमालयाच्या वाटेवर युधिष्ठिरामागून एक कुत्रा चालत राहतो. द्रौपदी पडते, भाऊ पडतात, तो चालतच असतो. या दुसऱ्या कुत्र्याने वाटेत काही खाल्ले का, याविषयी व्यासांनी एक शब्द लिहिलेला नाही. त्याचा प्रश्न अन्नाचा नाहीच. तो सोबतीचा आहे. इंद्राचा रथ समोर उभा असताना युधिष्ठिर अडून बसतो तोही त्याच मुद्द्यावर.

कुत्र्याचे हे दोन प्रश्न आहेत, घासाचा आणि सोबतीचा. ते वेगळे आहेत हे मला एका जुन्या मोबाइलने दाखवले. लेकीचा निकामी झालेला फोन, ज्याचा कॅमेरा तेवढा शाबूत होता, मी पुस्तकांच्या कपाटावर उभा करून ठेवला आणि चार-पाच दिवस मोतीचा दिवस टिपला. दिसले ते असे. दार बंद होताच तो खेळणे घेऊन बाल्कनीच्या उंबऱ्याशी बसतो. दोन पंजांत धरून चाटतो, उलटे करतो, जमिनीवर आपटतो, वितळलेले पाणी टाइल्सवरून चाटून घेतो. तळाचा तुकडा निघाला की काही वेळ रिकाम्या रबराशी झटतो. हे सगळे चाळीस-पन्नास मिनिटे चालते. मे महिन्यात बर्फ लवकर सुटतो, तेव्हा अर्धा तास. त्यानंतर तो गाढ झोपतो, आणि ही झोप खरी असते. दुपारी उठतो, पाणी पितो, घरात एक फेरी मारतो. आणि चारच्या सुमारास दाराशी जाऊन बसतो. भुंकत नाही, ओरबाडत नाही. नुसता बसतो, मी येईपर्यंत. पाचही दिवसांत चार वाजता तिथे कुणी येणार नव्हते. ज्या पावलांची ती वेळ होती ती दोन वर्षांपासून पुण्यात आहेत.

एक दिवस मी शेजारच्या मुलाला सांगून दुपारी साडेतीनला दुसरे गोठलेले खेळणे आत ठेववले. चारला मोती दाराशी गेला आणि खेळणे जिथे होते तिथे वितळत राहिले. संध्याकाळी मी आत शिरल्यावर त्याने आधी माझ्याभोवती चार चकरा मारल्या, मग ते खेळणे उचलून आणून माझ्या पायांशी बसून संपवले. दिवाळीच्या फटाक्यांत तर तो जिभेला खेळणे लावतही नाही. जाणकार सांगतात तेही हेच: घाबरलेला किंवा एकटेपणाने खरोखर व्याकूळ झालेला कुत्रा बहुधा खात नाही. ज्याला नुसता कंटाळा आला आहे त्याच्यासाठी हे खेळणे उपयोगी. भयावर आणि विरहावर ते औषध नव्हे.

मला वाटते, आपल्या भाषेने हा फरक क्रियापदांतच करून ठेवला आहे. 'मोती खेळण्यात रमतो.' येथे मोती कर्ता आहे, प्रथमेत ताठ उभा आहे, आणि रमण्याला एक 'त' लागतो, कशात तरी, कुठे तरी. 'मोतीला करमत नाही.' येथे तो चतुर्थीत गेला, आणि करमण्याच्या जोडीला येतो तो 'शिवाय' किंवा 'वाचून', म्हणजे कुणाशिवाय, कुणावाचून. रमणे कशात तरी असते, न करमणे कुणावाचून असते. गंमत अशी की 'करमत नाही' या एका वाक्यात आपण कंटाळा आणि विरह दोन्ही सांगतो, आणि ऐकणाऱ्याने त्यातले कुठले ते ओळखायचे असते. दर रविवारी मी लेकीला फोनवर विचारते, करमतंय ना गं? ती म्हणते, हो, खूप कामं असतात. तिने पहिल्या अर्थाचे उत्तर दिलेले असते. मीही दुसऱ्या अर्थाने पुन्हा विचारत नाही.

एकदा हे डोक्यात आले की आमचे गावच निराळे दिसू लागते. १९६९ साली तारापूरला देशातले पहिले अणुवीजकेंद्र सुरू झाले, पुढे बोईसरच्या बाजूला औद्योगिक वसाहत वाढली आणि इथे माणसे येत राहिली: बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, मराठवाडा, खानदेश. एकेका खोलीत पाळीप्रमाणे झोपणारी चार-सहा माणसे. रात्रपाळी संपवून आलेला मुलगा जिन्यात बसून फोनच्या पडद्यावर अंगठा फिरवत असतो, एक चित्रफीत संपली की दुसरी, दुसरी संपली की तिसरी. तो रमलेला असतो. त्याला करमते का, हे कुणी विचारत नाही. त्याचा पडदाही कुणीतरी दूर बसून असाच थराथराने भरलेला असतो.

तरी करमणुकीला हलके लेखण्याची घाई करू नये. हरिभाऊ आपटे यांनी १८९० साली साप्ताहिक काढले तेव्हा त्याला नाव दिले 'करमणूक'. नाव असे साधे, घटकाभर वेळ जावा इतक्याच अपेक्षेचे. आणि त्या साप्ताहिकातून क्रमशः वाचकांपुढे आली ती 'पण लक्षात कोण घेतो', यमूने स्वतःच्या तोंडून सांगितलेली तिची कहाणी. दर आठवड्याला घटकाभर रमायला बसलेल्या वाचकाच्या हाती एका स्त्रीचे न करमणे येत होते. भरणारा कोण आहे आणि तो भरताना कुणाचा विचार करतो आहे, यावर करमणुकीची जात ठरते. माझ्या रबरी खेळण्याला हरिभाऊंच्या पंक्तीला बसवण्याचा आचरटपणा मी करणार नाही. पण रात्रीची ती दहा मिनिटे, उद्याच्या कुणाच्या रिकाम्या दुपारचा विचार करत, तळाशी काय ठेवू आणि वर काय, असे ठरवण्यात जातात, ती मला वाया गेली असे वाटत नाही.

प्रश्न एवढ्यावर सुटत नव्हता. यजमानांचे म्हणणे होते की मोतीला केळवे-माहीमला दिरांच्या वाडीवर द्यावे. तिथे नारळी-सुपारीखाली दिवसभर माणसांची ये-जा, कोंबड्या, विहीर, मोकळे अंगण. लेकीला फोनवर सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "आई, त्याला तिथे करमेल का?" मग मेच्या सुट्टीत मी त्याला घेऊन आठ दिवस वाडीवर राहिले. पहिले तीन दिवस गोठवलेले खेळणे नेमाने दिले. पहिल्या दिवशी त्याने ते निम्मे चाटले, दुसऱ्या दिवशी हुंगले, तिसऱ्या दिवशी ते पानवेलींच्या मांडवाखाली तसेच पडून राहिले आणि कोंबड्यांनी टोचून संपवले. मोतीला वेळ नव्हता. त्याला सकाळी जाऊबाईंच्या मागून विहिरीवर जायचे होते, दुपारी पाटाच्या पाण्यात बसायचे होते, कुंपणापलीकडच्या कुत्र्याशी रोजचे भांडण होते. पहिले दोन दिवस चार वाजता तो फाटकाशी जाऊन बसला. तिसऱ्या दिवशी थोडा वेळ बसला. पाचव्या दिवशी चार वाजता तो केळींच्या रांगेत खड्डा खणत होता.

मी ते पाहिले आणि मला आनंद झाला. त्याच्या पाठोपाठ जे वाटले त्याला आनंद म्हणता येत नाही. लेकीचा प्रश्न निकाली निघाला होता. त्याला इथे करमत होते. नवा प्रश्न असा उभा राहिला की बोईसरच्या त्या घरात मोतीवाचून कुणाला करमणार नव्हते. वाक्य तेच, चतुर्थीतले नाम तेवढे बदलायचे. त्या रात्री यजमानांना फोन केला तर तेही म्हणाले, घर फार शांत आहे.

आम्ही शेवटी जे ठरवले ते ऐकायला अगदी बेताचे आहे. ज्या आठवड्यात यजमानांची पहिली पाळी असते, त्या आठवड्यात मोती वाडीवर असतो; रविवारी संध्याकाळी नेऊन सोडायचा, शनिवारी आणायचा. दुसरी किंवा रात्रपाळी असली की दिवसाचा बराच भाग घरात कुणीतरी असते, तेव्हा तो बोईसरला. यजमान तीनच्या पाळीला निघून गेल्यापासून मी घरी पोहोचेपर्यंत दोन-तीन तास उरतात, आणि तेवढ्यासाठी खेळणे फ्रीजरमध्ये तयार असते. दोन-तीन तासांना ते पुरते. आठ-नऊ तासांचा भार त्याच्यावर टाकणे हा त्या बिचाऱ्या रबरावरही अन्याय होता.

चार वाजता तो अजूनही दाराशी जातो, असे फोनचा कॅमेरा सांगतो. आता मात्र चाटून रिकामे केलेले खेळणे तो तोंडात धरून नेतो आणि तिथे पंजांपाशी ठेवून बसतो. याचा अर्थ मी लावत नाही. दिवाळीत लेक आली की तिला विचारीन. तिला त्याची भाषा माझ्यापेक्षा अधिक कळते.